दहा मीटर एअर रायफलला मानवणारा छर्रा कसा शोधावा

शिकारी रायफलीसाठी घरच्या घरी काडतुसे भरून नेम बारीक करण्याचा उद्योग परदेशात बऱ्याच ठिकाणी चालतो. आपल्याकडे तो रस्ता बंद आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. पण त्या उद्योगाचा गाभा, म्हणजे आपल्या नळीला कोणती गोळी मानवते ते शोधायचे आणि मग तिलाच धरून राहायचे, दहा मीटर एअर रायफलमध्ये जसाच्या तसा लागू होतो. ४.५ मिमी नळी आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असलेल्या एअर रायफलला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. स्पर्धेची रायफल तर आठ ज्यूलच्या आसपासच असते.

क्लबच्या रायफलीवर उभे राहायला शिकून झाले आहे, स्वतःची रायफल आली आहे आणि आता दुकानात पाच-सहा प्रकारचे डबे समोर ठेवल्यावर कोणता उचलावा ते कळत नाही, अशा नाशिकच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी हे लिहिले आहे.

हा खटाटोप करायचा का, ते आधी ठरवा

दहा मीटरच्या कार्डावर दहाचा ठिपका अवघा ०.५ मिमीचा असतो. छर्रा ४.५ मिमीचा. छर्र्याची कड ठिपक्याला टेकली तरी दहा मिळतात, म्हणजे छर्र्याचे केंद्र कार्डाच्या केंद्रापासून २.५ मिमीपर्यंत सरकलेले चालते. पुढे दशांशात मोजले की दर ०.२५ मिमीला ०.१ गुण जातो. पॅरिस २०२४ ऑलिंपिकमध्ये अर्जुन बबुता ६३०.१ गुणांवर अंतिम फेरीत गेले. हे गुण ६० नेमांचे, म्हणजे सरासरी साडेदहा. त्यांचे छर्रे केंद्रापासून सरासरी सव्वा मिलिमीटरच्या आत पडत होते.

आता छर्र्याचा वाटा बघा. हाताची थरथर आणि छर्र्याचा विखुरलेपणा यांची सरळ बेरीज होत नाही. दोन्हींचे वर्ग करून बेरीज होते आणि मग वर्गमूळ काढायचे. त्यामुळे जो दोष मोठा असतो तो लहान दोषाला गिळून टाकतो. पाच नेमांचा ग्रुप, म्हणजे कार्डावरच्या छिद्रांचा पुंजका, २ मिमीचा देणारा छर्रा आणि ४ मिमीचा देणारा छर्रा यांत ५७०च्या आसपास मारणाऱ्या मुलाला फरक पडतो तो सुमारे सहा गुणांचा. ६३० मारणाऱ्याला तोच फरक पंधरा गुणांच्या घरात जातो. म्हणून ५७०च्या खाली असाल तर चांगल्या कंपनीचा एक डबा घ्या, खालची मोजमापे विसरा आणि उभे राहण्यावर मेहनत करा. ५९०च्या पुढे गेलात की छर्रा बोलायला लागतो. मनाची बाजू हा तर वेगळाच आणि मोठा विषय आहे. क्रीडा मानसतज्ज्ञ भीष्मराज बाम यांच्या नाशिकमध्ये तो कोणाला नव्याने सांगायला नको.

सामान

चाचणीला फार काही लागत नाही, पण जे लागते ते नेमके हवे.

दोन वाळूच्या पिशव्या घ्या, एक मोठी आणि एक छोटी. जुन्या जीन्सचे कापड दुहेरी शिवून घ्यावे. वाळू चाळलेली आणि उन्हात दोन दिवस वाळवलेली असावी. ओली वाळू आठवड्यात कापडासकट कुबट होते आणि रायफलीला गंज आणते. पिशवी तीन चतुर्थांशच भरा. गच्च भरली तर रायफल तिच्यावर बसत नाही, घसरते.

व्हर्नियर कॅलिपर लागेल. सातपूर-अंबडच्या औद्योगिक सामानाच्या कोणत्याही दुकानात मिळतो. ०.०२ मिमी मोजणारा साधा चालेल, डिजिटल असेल तर डोळ्यांना सोपा. दहा पट मोठे दाखवणारे भिंग सराफाकडे असते तसलेच घ्या. सराफ बाजारात चौकशी केली तर मिळते. छर्रे तोलायचेच असतील तर काटा ०.००१ ग्रॅमचा हवा. किराणा किंवा मसाल्यासाठी मिळणारा ०.०१ ग्रॅमचा काटा इथे निरुपयोगी आहे, कारण अर्ध्या ग्रॅमच्या छर्र्यात आपण शोधतो तो फरकच त्याच्या एका अंकापेक्षा लहान असतो.

कार्डे स्पर्धेचीच वापरा. साध्या कागदावर भोक फाटते, कड दिसत नाही आणि पुढची सगळी मोजणी अंदाजपंचे होते. छर्रे अडवणारी लोखंडी पेटी, डोळ्यांना चष्मा आणि कार्डावर किमान १५०० लक्स प्रकाश एवढे झाले की सामान पुरे. वेग मोजणारे क्रोनोग्राफ क्लबमध्ये कोणाकडे असेल तर एक दिवस मागून घ्या. विकत घ्यायची गरज नाही.

घरी दहा मीटर मिळत असतील तरी छर्रा अडेल अशी भिंत असल्याशिवाय आणि मध्ये कोणते दार उघडणार नाही याची खात्री झाल्याशिवाय चाचणी करू नका. गच्ची आणि बाल्कनी यांचा विचारही नको.

रायफल आधी, छर्रा नंतर

छर्रा वाईट म्हणून डबे बदलत बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा दोष एखाद्या सैल स्क्रूमध्ये निघतो. म्हणून हा क्रम सोडू नका.

पहिल्यांदा, छर्रा आत नाही याची खात्री करून रायफल टेबलावर ठेवा आणि दस्त्याला नळी-यंत्रणा जोडणारे स्क्रू तपासा. किती घट्ट करायचे ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. अंदाजाने पिळू नका, कारण जास्त घट्ट केल्यावरही यंत्रणा वाकते आणि ग्रुप पसरतो. मग मागचा डायॉप्टर (डोळ्याजवळची छिद्राची साइट) आणि पुढची साइट बोटाने हलवून बघा. जराही टकटक जाणवली तर तिथेच थांबा. बट-प्लेट (खांद्याला टेकणारी पट्टी) आणि गालाची पट्टी यांचे स्क्रूही याच वेळी पाहून घ्या.

दुसरे, हवेचा सिलिंडर. २०० बारपर्यंत भरायचा सिलिंडर असेल तर तेवढाच भरा. चाचणी सुरू करताना तो भरलेला असावा आणि दाब पुस्तिकेत दिलेल्या खालच्या मर्यादेजवळ यायच्या आधीच थांबावे. त्याखाली वेग घसरतो आणि छर्रे खाली पडायला लागतात. सिलिंडरवरची तारीखही वाचून घ्या. दहा वर्षांहून जुना सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि सुरक्षितही नसतो.

भरायची हवा श्वसनासाठीच्या कॉम्प्रेसरची किंवा गाळणी लावलेल्या हातपंपाची असावी. औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगचा ऑक्सिजन सहज मिळतो म्हणून तो कोणी सुचवला तर साफ नकार द्या. उच्च दाबाच्या ऑक्सिजनमध्ये तेलाचा अंश असला तरी स्फोट होऊ शकतो. त्याच कारणाने हवेच्या मार्गात शिलाई मशीनचे तेल किंवा कोणतेही खनिज तेल घालायचे नाही. सीलला सिलिकॉन ग्रीस, तेही पुस्तिकेत सांगितले असेल तिथेच आणि नखभर.

तिसरे, नळी. लोकरीच्या फेल्टचे बोळे मागून घालून पुढे ढकलायचे किंवा दोरीने ओढायचे. दिशा नेहमी मागून पुढे. पहिला बोळा काळा येतो, तिसरा-चौथा करडा. पूर्ण पांढरा येईपर्यंत घासत बसू नका. लोखंडी दांडा पुढच्या तोंडातून घालणे सगळ्यात वाईट, कारण नळीच्या तोंडाची कड एकदा खरचटली की कोणताच छर्रा सरळ जात नाही. सफाईनंतरचे पहिले दहा-वीस नेम मोजायचे नसतात. नळीत शिशाचा पातळ थर बसेपर्यंत छर्रे भरकटतात. म्हणून स्पर्धेच्या आदल्या रात्री नळी साफ करू नये.

डब्यात काय बघायचे

स्पर्धेच्या छर्र्याचे डोके चपटे असते, म्हणजे कार्डाला गोल, स्वच्छ भोक पडते. टोकदार किंवा गोल डोक्याचे छर्रे या खेळात नकोत. रायफलीसाठी वजन साधारण ०.५३ ग्रॅम. त्याहून हलके, ०.४५ ते ०.५० ग्रॅमचे छर्रे बहुधा पिस्तुलासाठी घेतात, पण काही रायफलींना तेही मानवतात. एक हलका प्रकार चाचणीत ठेवायला हरकत नाही.

चाचणीसाठी चार ते पाच प्रकार घ्या, जास्त नको. एच अँड एन फिनाले मॅच, आरडब्ल्यूएस आर १०, जेएसबी मॅच, क्यूवायएस मॅच ही नावे रेंजवर कानावर पडतातच. त्यातल्या एकाची डोक्याची दोन मापे घ्या, ४.४९ आणि ४.५०. हे माप डब्याच्या चिकटपट्टीवर असते. तिथेच बॅच क्रमांकही असतो, तो वहीत उतरवून घ्या.

डोक्याचे माप व्हर्नियरने तपासायचा मोह होतो. तपासू नका. फरक ०.०१ मिमीचा, व्हर्नियर ०.०२ मिमीचा आणि शिसे इतके मऊ की जबड्यात धरताच दबते. ४.४९ की ४.५० याचा निवाडा नळीच करेल.

अख्खे डबे घ्यायची गरज नाही. पहिल्या पाच फेऱ्यांना एका प्रकाराचे साठेक छर्रे पुरतात. रेंजवरच्या चार जणांनी एकेक डबा आणला तर सगळ्यांची चाचणी होते. नाशिकमध्ये विचारायला अनुभवी माणसे आहेत, प्रशिक्षकांकडे जुन्या बॅचचे अनुभवही असतात. पण दुसऱ्याच्या रायफलीचा निकाल आपल्या रायफलीला लागू होत नाही, अगदी मॉडेल एकच असले तरी. ऐकून प्रकार निवडा, निकाल स्वतःच्या कार्डावरून घ्या.

छर्रे मऊ कापडावर हलक्या हाताने ओता. भिंगाखाली मागचा स्कर्ट, म्हणजे छर्र्याची मागची पातळ, पोकळ कड, बघा. तो वर्तुळाकार हवा, कुठे चेपलेला किंवा कडेला शिशाचे कुसळ उरलेले नको. संशय आला की बाजूला टाका, सरावाच्या पहिल्या चार-पाच नेमांना वापरा. छर्र्याच्या वर्तनाला सगळ्यात जास्त जबाबदार हा स्कर्टच आहे, कारण हवेचा दाब तोच अडवतो आणि नळीतून बाहेर पडताना शेवटी सुटतो तोही तोच. तो एका बाजूने चेपला असेल तर तोंडाशी हवा आधी एका बाजूने सुटते आणि छर्र्याला तिरका धक्का बसतो.

वजनाचे कौतुक मात्र गरजेपेक्षा जास्त होते. हिशेब करून बघू. १७० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास वेगाने छर्रा दहा मीटर जाताना सुमारे १७ मिमी खाली येतो. वजन एक टक्क्याने बदलले तर वेग साधारण अर्ध्या टक्क्याने बदलतो आणि पडण्यातला फरक ०.२ मिमीच्याही आत राहतो, म्हणजे ०.१ गुणही नाही. चांगल्या डब्यातले छर्रे मुळात एवढ्याच फरकाचे असतात. म्हणून तोलण्यात घालवलेला रविवार भिंगाखाली घालवला असता तर जास्त मिळाले असते. काटा असलाच तर त्याचा खरा उपयोग चुकार छर्रे पकडण्यासाठी, म्हणजे बाकीच्यांपेक्षा दोन-तीन टक्के वेगळा असलेला एखादा.

चाचणी

रायफल पिशव्यांवर ठेवा. पुढची पिशवी फोर-एंडखाली, म्हणजे दस्त्याच्या पुढच्या भागाखाली, दर वेळी त्याच जागी. तिथे खडूची खूण करून ठेवा. मागची छोटी पिशवी बटच्या खालच्या कडेखाली. नळी पिशवीला टेकायला नको. खांदा हलका टेकवा, गाल नेहमीच्या जागी आणि उजवा हात फक्त ट्रिगरपुरता. काही जण बेंच वाइसमध्ये यंत्रणा पकडून चाचणी करतात. जबड्यांना लाकूड किंवा जाड चामडे लावले तर ती पद्धत उत्तमच, पण चुकीच्या जागी आवळलेल्या वाइसने रायफल वाकवण्यापेक्षा पिशवी बरी.

ही पद्धत भरलेल्या हवेच्या रायफलीची आहे. जुनी स्प्रिंगवाली रायफल असेल तर तिला पिशवीवर थेट ठेवू नका. तिचा पिस्टन छर्रा नळीत असतानाच रायफल हलवतो आणि कठीण टेकूवर ती उसळते. पिशवीवर उघडा पंजा आणि पंज्यावर रायफल, सैल, न पकडता. अशा रायफलीचे ग्रुप भरलेल्या हवेच्या रायफलीशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

आता क्रम. समजा पाच प्रकार आहेत. मित्राला सांगा की ते पाच डब्यांत काढून अ, ब, क, ड, इ अशी अक्षरे लिही आणि कोणते काय ते मला सांगू नकोस. महागड्या डब्याकडे मन झुकते आणि मनाबरोबर ट्रिगरवरचे बोटही झुकते.

पहिली फेरी: अ चे पाच छर्रे पेटीत सोडून द्या, नळीला नव्या छर्र्याची सवय होऊ द्या, मग नव्या कार्डावर पाच नेमांचा एक ग्रुप. तसेच ब, क, ड, इ. दुसरी फेरी उलटी, इ पासून अ पर्यंत. अशा पाच फेऱ्या. क्रम उलटा-सुलटा करण्याचे कारण असे की थकवा, प्रकाश आणि सिलिंडरचा दाब या गोष्टी वेळेबरोबर बदलतात. सगळे अ आधी आणि सगळे इ शेवटी मारले तर बिचाऱ्या इ ला दुपारच्या थकव्याचा दोष लागतो. सवयीचे आणि ग्रुपचे मिळून २५० छर्रे होतात. एका दिवसात उरकायचा अट्टाहास नको, तीन फेऱ्या आज आणि दोन उद्या चालतील, फक्त दोन्ही दिवशी त्याच वेळेला या.

नेमांमध्ये घाई करू नका, पण रेंगाळूही नका. दर नेमाला तीस-चाळीस सेकंदांचा ताल पकडा. मध्ये पाच मिनिटे बोलण्यात गेली तर पुढचा एक छर्रा पेटीत सोडून मगच कार्डावर या. हवेचा दाब नियंत्रित करणारा रेग्युलेटर विश्रांतीत थोडा सरकलेला असेल तर पहिला छर्रा वर जातो.

ग्रुप केंद्रावर आला पाहिजे असे नाही. उलट, साइट मुद्दाम थोडी बाजूला करून ठेवा, म्हणजे निशाण्याचा काळा भाग छिद्रांनी खराब होत नाही. आणि मध्येच साइटला हात लावू नका, पूर्ण चाचणीत नाही.

मोजणी

ग्रुपच्या सगळ्यात दूरच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडा मोजा. त्यातून एका छिद्राची रुंदी वजा करा. ही रुंदी ४.५ धरू नका, कारण कागद आत मिटतो आणि छिद्र त्याहून लहान दिसते. त्याच कार्डावर कोपऱ्यात एक सुटा छर्रा मारून त्याचे छिद्र मोजा आणि तोच आकडा वापरा. सगळी छिद्रे एकमेकांत मिसळली असतील तरी ही रीत चालते. फोनवर फोटो काढून मोजणार असाल तर कार्डाचा काळा भाग ३०.५ मिमीचा असतो, तो मापपट्टी म्हणून धरा, पण फोन कार्डाच्या बरोबर समोर हवा.

समजा असे आकडे आले:

अ: २.१, २.६, १.९, २.४, २.३, सरासरी २.२६ मिमी
ब: २.०, ३.४, १.८, २.२, २.६, सरासरी २.४ मिमी
क: ३.६, ३.१, ४.२, ३.३, ३.८, सरासरी ३.६ मिमी

इथे बहुतेक नवखे अ ला विजयी घोषित करतात. तसे नाही. पाच नेमांचा एक ग्रुप निव्वळ नशिबाने पाव हिस्सा मोठा किंवा लहान येऊ शकतो. पाच ग्रुपची सरासरी घेतली तरी दहा-बारा टक्के इकडेतिकडे होतातच. अ आणि ब मधला फरक त्याच्या आतला आहे, तेव्हा ते दोघे बरोबरीत. क मात्र नक्की बाद. सगळ्यात लहान ग्रुपचे कार्ड पाकिटात घालून मिरवणे आणि बाकीची चार कार्डे फेकून देणे ही या खेळातली सार्वत्रिक खोड आहे. ब चा १.८ चा ग्रुप तिथे आहे, पण तोच छर्रा ३.४ ही देतो.

पाचही फेऱ्या झाल्यावर आणखी एका दिवशी फक्त अ आणि ब घ्या. दर प्रकाराचे दहा नेमांचे चार ग्रुप, पुन्हा उलटसुलट क्रमाने. दहाचा ग्रुप पाचच्या ग्रुपपेक्षा साधारण सव्वापट मोठा येतो, त्यामुळे २.३ चे २.८-२.९ झाले तर घाबरू नका, तेच अपेक्षित आहे. अजूनही बरोबरी असेल तर जो प्रकार नाशिकमध्ये नियमित मिळतो आणि खिशाला परवडतो तो घ्या. हा निकष हलका वाटतो, पण वर्षभरात हजारो छर्रे जाणार असतात.

कार्ड काय सांगते

छिद्रे वर-खाली लांबट पसरली असतील तर वेग बदलतो आहे. दाब बघा, मग क्रोनोग्राफवर दहा नेम मोजा. सगळ्यात जलद आणि सगळ्यात मंद यांत २-३ मीटर प्रति सेकंदापर्यंत फरक असणे ठीक. २ मीटरच्या फरकाने दहा मीटरवर अंदाजे ०.४ मिमी फरक पडतो. फरक याहून बराच मोठा असेल तर रेग्युलेटर किंवा झडप दाखवायला न्या, स्वतः उघडू नका.

आडवी पसरली असतील तर बहुतेक वेळा दोष तुमचा, छर्र्याचा नाही. रायफल डावी-उजवीकडे कलते. पाच अंश कलले की छर्रा जवळजवळ दीड मिलिमीटर बाजूला जातो, म्हणजे ०.६ गुण. पिशवीवरही हे होते, कारण मागची पिशवी मऊ असते. पुढच्या साइटच्या नळीत कल दाखवणारा बुडबुडा किंवा आडव्या रेघा असतील तर दर नेमाला बघा.

दोन वेगवेगळे पुंजके दिसले, तीन इथे आणि दोन तिथे, तर काहीतरी दोन जागी बसते आहे. साइटचा पाया, दस्त्याचा स्क्रू किंवा तुमचा गाल.

चार एकत्र आणि एकच दूर, तर तो बहुधा चेपलेला स्कर्ट किंवा नीट न बसवलेला छर्रा. छर्रा खाचेत ठेवताना तिरका राहिला आणि झाकण ढकलले की स्कर्ट वाकतो. बोटाच्या टोकाने सरळ बसवायचा, ढकलायचा नाही. असा भरकटलेला नेम मोजणीतून काढून टाकू नका. स्पर्धेत तो काढून टाकता येत नाही. मात्र वहीत खूण करा. एकाच प्रकारात असे तीन-चार झाले तर तो डबाच वाईट.

ग्रुप लहान राहतो, पण हळूहळू सगळा सरकतो, असे झाले तर खोलीचे तापमान आणि प्रकाश बघा. हिवाळ्यात निफाडकडच्या थंडीत सकाळी बाहेर ठेवलेली रायफल खोलीत आणून लगेच चाचणी केली तर पहिला अर्धा तास असेच होते. अर्धा-पाऊण तास तिला खोलीत नुसती ठेवा.

मुंबईला स्पर्धेला गेल्यावर नेम हलला की हवेला दोष देतात. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे हे खरे, हवा थोडी विरळ आहे हेही खरे, पण दहा मीटरच्या अंतरात त्याने दशांश मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो. नेम हलतो तो प्रवासात साइटला बसलेल्या धक्क्याने किंवा तिथल्या वेगळ्या प्रकाशाने.

पावसाळा, शिसे आणि साठवण

शिशाचे छर्रे दमट हवेत पांढुरके पडतात. ती पांढरी भुकटी नळीत जाते आणि हाताला लागते. पावसाळ्यात डबे हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पांढुरके पडलेले छर्रे पुसून वापरायचा प्रयत्न करू नका, पुसताना स्कर्ट चेपतो. उन्हाळ्यात भरलेला सिलिंडर गाडीच्या डिकीत ठेवून बाजारात जाऊ नका.

छर्रे हाताळताना खाणे-पिणे नाही, छर्रे तोंडात धरणे तर मुळीच नाही. संपल्यावर हात साबणाने धुवा आणि घरात लहान मूल असेल तर डबे वरच्या कप्प्यात. पेटीतले जमा झालेले शिसे चुलीवर वितळवायचा उद्योग नको, रेंजवरच एकत्र करून भंगारात जाऊ द्या.

बॅच

छर्रा ठरला म्हणजे प्रकार ठरला असे नाही, बॅच ठरली. त्याच कंपनीचा, त्याच मापाचा, पण वेगळ्या बॅचचा डबा वेगळा ग्रुप देऊ शकतो, कारण साचे झिजतात आणि बदलतात. म्हणून मानवलेली बॅच मिळाली की परवडेल तेवढी एकदम घ्या. हिशेब सोपा: रोज ८० नेम, महिन्यात २५ दिवस, म्हणजे २००० छर्रे, ५०० च्या चार डब्यांइतके. सगळे चांगल्या बॅचचे लागत नाहीत. रोजच्या सरावाला साधे छर्रे चालतात, पण स्पर्धेच्या तीन आठवडे आधीपासून स्पर्धेचेच छर्रे वापरा, कारण छर्रा बदलला की ग्रुपची जागा सरकते आणि साइटचे टिकटिक मोजत बसावे लागते.

वहीत दर डब्याला एक ओळ: तारीख, नाव, डोक्याचे माप, बॅच क्रमांक, पाच ग्रुपची सरासरी, सगळ्यात वाईट ग्रुप, सिलिंडरचा दाब, साइटची जागा. सगळ्यात वाईट ग्रुपचा रकाना विसरू नका, पुढच्या वर्षी सगळ्यात जास्त कामाला तोच येतो.

चांगल्या बॅचचे दोन डबे उरले की नवीन बॅचची चाचणी लगेच सुरू करा, जुने छर्रे संपायची वाट न बघता. जुन्याचे पाच ग्रुप, नव्याचे पाच ग्रुप, एकाच दिवशी, आलटून-पालटून. जुना डबा रिकामा झाल्यावर नव्याला ताडून बघायला हातात काही उरत नाही, आणि गेल्या वर्षीच्या वहीतला आकडा गेल्या वर्षीच्या तुमच्या हातांचा असतो.